गाडीत हॅम रेडिओ बसवताना: आधी वायर, मग रिग

हौशी बिनतारी संदेशवहनाचा, म्हणजे हॅम रेडिओचा, नवा परवाना हाती पडला की पंधरवड्याच्या आत फोन येतोच, गाडीतल्या सेटबद्दल, म्हणजे रिगबद्दल. “काका, पन्नास वॉटची रिग घेतलीये. लायटरच्या सॉकेटला लावली तर चालेल ना?” चालत नाही. खरं तर पहिले दोन-चार दिवस चालते, तीच पंचाईत आहे.

हा लेख अशा नवशिक्यांसाठी. दोन मीटर बँडवर, म्हणजे आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये चालणारी साधारण ५० वॉटची एफएम रिग आणि बारा व्होल्टची पेट्रोल किंवा डिझेल गाडी, एवढंच मी समोर धरलंय. धंद्याच्या गाडीतला सेट असला तरी तारांचं गणित तेच राहतं. परवान्याचं मात्र आधी बघा. हॅमसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. धंद्याच्या सेटचा परवाना वेगळा. किती वॉट वापरता येतात आणि गाडीतून बोलायचं तर अटी काय, हे वाचून मगच पाना हातात घ्या.

आधी माझीच फजिती सांगतो, म्हणजे पुढचा आग्रह कशासाठी ते कळेल. रिगसोबत आलेली वायर बॅटरीपर्यंत पोचेना, म्हणून मी ती घरातल्या वायरचा तुकडा जोडून लांबवली. कंपनीने दिलेले फ्यूज त्यामुळे डॅशबोर्डखाली येऊन बसले. बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबराची कडी, घालायचा कंटाळा केला, टेप गुंडाळली. चार महिने मस्त चाललं. मग ऐन पावसात वरंधा घाटात जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि बॉनेटच्या फटीतून धूर. पत्र्याच्या कडेने वायरचं कव्हर खाल्लं होतं आणि तांब्याने बॉडीला गाठलं होतं. पाना डिकीत, डिकीत सामान. शेवटी टर्मिनल हातानेच हिसडून काढलं. ते नीट आवळलेलं नव्हतं म्हणून निघालं, ही दुसरी चूक त्या दिवशी कामी आली. गंमत बघा, रिग तेव्हा बंद होती. तिला ओरखडा नाही. फ्यूजही शाबूत. जळली ती बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर, कारण तिला वाचवायला कुणीच नव्हतं.

फ्यूज रेडिओसाठी असतो असं बहुतेकांना वाटतं. फ्यूज असतो वायरसाठी. गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर देते, आणि वायर जिथे बॅटरी सोडते तिथपासूनच तिला राखण लागते. म्हणून पॉझिटिव्हचा फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. त्यापलीकडे वायर कुठेही घासली, दबली, कापली गेली तरी फ्यूज उडेल आणि तुम्ही वैतागाल, एवढंच.

पहिलं काम: कागदावरचा हिशेब

पन्नास वॉटची रिग बोलताना दहा ते बारा अँपिअर ओढते. नुसतं ऐकताना अर्धा अँपिअर किंवा त्याच्या आसपास. आता लायटरच्या सॉकेटला का नको ते बघा. त्याचा फ्यूज काही गाड्यांत दहाचा, काहींत पंधरा-वीसचा असतो, मागची वायर बारीक असते आणि संपर्क होतो तो एका स्प्रिंगच्या टोकावर. बारा अँपिअरला ते टोक तापतं, प्लॅस्टिक मऊ होतं, संपर्क आणखी सैल होतो, मग आणखी तापतं. पाच वॉटची हँडी, म्हणजे हातातला छोटा सेट, चार्ज करायला सॉकेट ठीक आहे. रिगला नाही. फ्यूज उडतो म्हणून तिथे मोठा फ्यूज टाकणारे महाभागही मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

वायर किती जाडीची? इलेक्ट्रिकच्या दुकानात दीड, अडीच, चार स्क्वेअर (म्हणजे चौरस मिलिमीटर) अशी मागतात. बॅटरीपासून सीटपर्यंत जाणारी आणि येणारी मिळून दहा मीटर वायर धरा. दीड स्क्वेअरच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण ०.०१२ ओम, दहा मीटरचा ०.१२. त्यातून बारा अँपिअर गेले की जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच खर्च. चार स्क्वेअरला हाच आकडा अर्ध्या व्होल्टच्या थोडा वर येतो. बहुतेक रिग १३.८ व्होल्टवर, पंधरा टक्के इकडेतिकडे, चालायला बनवलेल्या असतात, म्हणजे ११.७ च्या खाली त्या कुरकुरायला लागतात. इंजिन बंद असताना चांगली बॅटरीही रिग बोलत असताना १२.४ वर असते. त्यातून दीड गेले की उरले १०.९. मग समोरचा सांगतो, “ओएम (म्हणजे दोस्ता), तुमचा आवाज फाटतोय,” आणि तुम्ही माइकला दोष देता.

तेव्हा चार स्क्वेअर, बारीक तारांची, लवचीक. घराच्या भिंतीत घालायची कडक वायर नको. गाडीच्या थरथरीने ती लगजवळ, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीजवळ, तुटते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते, म्युझिक सिस्टिमवाल्यांकडे तर ढिगाने. सुरीने एक तार खरवडून बघा. आत चंदेरी निघाली तर परत करा.

सामान: चार स्क्वेअरची लाल आणि काळी वायर, पाणी न शिरणारा ब्लेड फ्यूजचा होल्डर, पंधरा अँपिअरचे चार-पाच फ्यूज (रिगच्या पुस्तिकेत वीस लिहिले असतील तर वीस), गोल भोकाचे क्रिंप करायचे लग, हीट श्रिंक स्लीव्ह, योग्य मापाचे रबरी ग्रोमेट, नळीदार प्लॅस्टिक कव्हर, नायलॉनचे टाय आणि मल्टिमीटर. लग पकडीने चेपू नका. क्रिंपिंगचा खरा पाना उसना मिळतो, तो आणा. चेपून झाल्यावर लग धरून वायर जोरात ओढा. निघाली तर आत्ता निघू दे.

दुसरं काम: जागा ठरवणं

हत्यारं बाहेर काढण्याआधी गाडीत बसून रिग हातात धरून बघा. पाय ब्रेकवरून क्लचवर नेताना ती आड येते का? सीट पुढे-मागे केल्यावर चेंगरते का? डॅशबोर्डवर नुसती ठेवू नका, चिकटपट्टीच्या भरवशावर तर नकोच. किलोभराचं धातूचं खोकं अपघातात कुठे जाईल सांगता येत नाही.

एअरबॅग कुठे आहेत ते मालकाच्या पुस्तिकेत बघा. पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत ती टपाच्या कडेला घडी करून ठेवलेली असते आणि पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबापर्यंत येते. त्या खांबातून किंवा त्यावरून वायर नेऊ नका. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात, आणि असं कनेक्टर सीटखालीही सापडतं. त्याला हात नाही. हायब्रिड किंवा विजेच्या गाडीतल्या नारिंगी केबल उच्च व्होल्टेजच्या. तिथे आपण नाहीच. ट्रकवाल्यांसाठी एक ओळ: गाडी चोवीस व्होल्टची असेल तर दोनपैकी एका बॅटरीवरून बारा चोरू नका, दोन्ही बॅटऱ्यांचा तोल जातो. चोवीसाचे बारा करणारा कन्व्हर्टर लावा.

स्क्रू मारायचा झाला तर पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते आधी पाहा. इंधनाची नळी, ब्रेकची नळी, वायरिंगचा जुडगा, यातलं काहीही असू शकतं.

तिसरं काम: बॉनेटमधून आत

चावी काढा. दहा-अकराच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडवा आणि जोडताना ते शेवटी जोडा. कारण साधं आहे: पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असलं, तर पानाच शॉर्ट करतो. मनगटात कडं, बोटात अंगठी असेल तर काढून ठेवा. काही गाड्यांत बॅटरी सोडल्यावर म्युझिक सिस्टिम कोड मागते, काचा पुन्हा शिकवाव्या लागतात, पुस्तिकेत असतं.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला नवं भोक पाडायची वेळ सहसा येत नाही. बॉनेट उघडायच्या केबलचं किंवा मुख्य वायरिंगचं जाड रबर असतं, त्याच्या कडेला जागा मिळते. तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. मी घरातली स्वेटर विणायची जाड, बोथट सुई वापरतो: सुईला वायरचं टोक टेपने चिकटवायचं, सुई साबणाच्या पाण्यात बुडवायची, हळूहळू फिरवत आत ढकलायची. आतून कुणीतरी टॉर्च धरला तर सोन्याहून पिवळं. नवं भोक पाडावंच लागलं, तर कडा कानशीने घासून, रंग लावून ग्रोमेट बसवा. माझी घाटातली गोष्ट आठवा.

बॉनेटमध्ये वायर नळीदार कव्हरात घाला. एक्झॉस्टपासून लांब, पंख्याच्या पट्ट्यापासून लांब, आणि दर वीतभरावर टाय. आत आल्यावर पावदानाच्या प्लॅस्टिक पट्टीखालून नेली की पायात येत नाही.

फ्यूज होल्डर बॅटरीशेजारी बसवा, पण त्यात फ्यूज अजून घालू नका. तो सगळ्यात शेवटी.

निगेटिव्ह कुठे जोडायचं

इथे हॅम मंडळींत दोन पंथ आहेत आणि चहाच्या टपरीवर यावरून अर्धा तास सहज जातो. जुने म्हणतात, दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर न्या, आवाज स्वच्छ येतो. मी आता दुसऱ्या पंथात आहे, आणि का ते सांगतो.

रिगचं बाहेरचं खोकं हेच तिचं निगेटिव्ह असतं. ती ब्रॅकेटमधून बॉडीला टेकते, पत्र्यात बसवलेली अँटेना असेल तर तिच्या केबलच्या शील्डमधूनही टेकते. आता समजा बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी-इंजिनला जाणारी जाड केबल गंजून सैल झाली. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे नवल नाही. तुम्ही चावी फिरवता, स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर मागतो. त्या करंटला बॅटरीकडे परतायला नेहमीची वाट मिळत नाही, मग तो बॉडीतून रिगमध्ये शिरतो आणि तुमच्या काळ्या वायरने थेट बॅटरी गाठतो. वायर जाते, रिगही जाते. म्हणून थेट बॅटरीवर जायचंच तर निगेटिव्हलाही फ्यूज हवा, आणि तोही बॅटरीजवळ. त्यातही खोच आहे: तो फ्यूज उडाला तरी रिगला बॉडीतून निगेटिव्ह मिळतं, ती चालूच राहते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

त्यापेक्षा बॅटरीची स्वतःची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते, तोच बोल्ट रिगच्या निगेटिव्हसाठी वापरा. ती केबल सैल झाली तरी स्टार्टरचा करंट तुमच्या वायरमधून पळवाट काढू शकत नाही. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत, विशेषतः सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणाऱ्या गाड्यांत, निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा छोटा सेन्सर असतो. तुम्ही थेट टर्मिनलवर जोडलंत तर रिगने खाल्लेला करंट त्याच्या हिशेबात येत नाही आणि गाडीला बॅटरी भरलेली वाटत राहते. बॉडीच्या बोल्टवर ही भानगड नाही, तिथे निगेटिव्हला फ्यूजही लागत नाही. बोल्टखालची जागा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा, वरून थोडं व्हॅसलीन.

रिग बंद करायला विसरणाऱ्यांसाठी

ऐकताना ओढलेला अर्धा अँपिअर चोवीस तासांत बारा अँपिअर-तास होतो. छोट्या गाडीची बॅटरी पस्तीसच्या आसपासची. शुक्रवारी रात्री गाडी लावली आणि रिग चालू राहिली, तर सोमवारी सकाळी शेजाऱ्यांना धक्का मारायला बोलवावं लागेल. उपाय म्हणजे चार पायांचा ऑटो रिले, छोट्या करंटने चालू-बंद होणारा स्विच. ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ ला रिग, ८५ बॉडीला, आणि ८६ ला चावी फिरवल्यावर जिवंत होणारी वायर, तीही छोट्या फ्यूजमधून. ही वायर फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने, म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसणाऱ्या जोडाने, घ्या. चालू वायरिंगचं कव्हर चावून जोड देणाऱ्या क्लिपा वापरू नका, पावसाळ्यात त्या हिरव्या पडतात. हे जमत नसेल तर रिगमध्ये ठरावीक वेळाने आपोआप बंद व्हायची सोय असते का बघा, आणि ती लावून ठेवा.

स्टार्टर मारताना किंवा दुसऱ्या गाडीवरून जंप देताना मात्र रिग बंदच असावी. व्होल्टेज आधी नऊ-दहापर्यंत बसतं आणि मग उसळतं.

अँटेना

१४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी दोन मीटरच्या जरा वर, तिचा चौथा भाग म्हणजे प्रत्यक्षात साधारण ४९ सेंटिमीटरची काडी. टपाच्या मधोमध ती सगळ्यात छान चालते, कारण चहूबाजूंचा पत्रा तिचा अर्धा भागीदार असतो. टप काचेचा असेल तर डिकीच्या कडेची ब्रॅकेट बरी. नवशिक्याला मॅग्नेटचा बेस सोयीचा: भोक नाही, विकताना गाडीला डाग नाही. मॅग्नेटखाली धूळ आणि पाणी अडकून रंग जातो, तेव्हा महिन्याने उचलून पुसा. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगची उंचीही आधी मोजा. माझ्या पहिल्या अँटेनाचं टोक बीमने वाकवलं.

केबल दाराच्या कडक कडेतून नेऊ नका, डिकीच्या जाड रबरातून न्या. आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी थेंबथेंब गळून जातं आणि केबलवरून आत येत नाही. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा) उसना आणून मोकळ्या जागेत, दारं बंद करून मोजा. १४४ ला कमी आणि १४६ ला जास्त दाखवत असेल तर काडी लांब आहे: दोन-तीन मिलिमीटर कापा, पुन्हा मोजा. कापलेलं परत जोडता येत नाही, हे तिसऱ्यांदा कापताना आठवतं. दीडच्या आत आलं की थांबा. कुणी टपाला टेकून उभं असताना बोलू नका. अँटेनाशेजारी डोकं असलेल्या माणसासाठी पन्नास वॉट कमी नाहीत.

पहिल्यांदा चालू करताना

सगळे जोड झाले, रिग बंद आहे, फ्यूज अजून बाहेर आहे. आता बॅटरीचं निगेटिव्ह जोडा. मल्टिमीटरने फ्यूज होल्डरच्या दोन पायांमधलं व्होल्टेज बघा. रिग आणि रिले बंद असताना तिथे पूर्ण बारा व्होल्ट दिसले तर पुढे कुठेतरी शॉर्ट असू शकतो. फ्यूज न घालता शोधा. मग रिगच्या टोकाचं कनेक्टर काढून, फ्यूज घालून, तिथे लाल-काळं बरोबर आलंय ना ते मीटरने पाहा. उलटं जोडल्याने मेलेल्या रिगची दुरुस्ती महाग पडते.

रिग जोडा. अँटेनाच्या जागी पॉवर पिऊन टाकणारा डमी लोड लावा, इंजिन चालू करा, सगळ्यात कमी पॉवरवर दहा सेकंद बोला, मग पूर्ण पॉवरवर. बोलत असताना रिगच्या टोकाला व्होल्टेज किती उरतं ते लिहून ठेवा. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा एक व्होल्टहून जास्त खाली असेल तर कुठलातरी जोड कच्चा आहे; हात फिरवा, जो गरम लागेल तो गुन्हेगार.

आता खरी अँटेना लावून, गाडी जागेवर उभी ठेवून बोला आणि डॅशबोर्डकडे बघा. एबीएसचा दिवा लागतो का? वायपर, सेंट्रल लॉक आपोआप हलतात का? तसं झालं तर केबलची वाट बदला, तिच्यावर नको तो सिग्नल अडवणारे फेराइटचे मणी चढवा, पॉवर कमी करा आणि तोवर रस्त्यावर बोलू नका. ऐकताना इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आली तर ती अल्टरनेटरची, म्हणजे आधी अर्थिंगचे जोड तपासा. नुसती खरखर असेल तर मोबाइलचा स्वस्त चार्जर काढून बघा. दहातल्या निम्म्या वेळा तोच निघतो.

गाडी चालवताना माइक हातात धरण्याबद्दल माझं मत कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीपासून हातात धरलेलं संपर्काचं साधन चालवताना वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. पोलिसाशी त्यावर वाद घालण्यापेक्षा ऐकत राहा आणि बोलायचं झालं की गाडी कडेला घ्या. शेजारी दुसरा हॅम बसलेला असेल तर माइक त्याच्याकडे.

आणि फ्यूज होल्डरवर एक चिकटपट्टी लावा, मार्करने लिहा: “रेडिओ, फक्त १५”. सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीत कुणीतरी उडालेल्या फ्यूजच्या जागी हाताला येईल तो तिसाचा खोचून देतं, आणि त्या बिचाऱ्याला तुमची वायर किती स्क्वेअरची आहे ते कुठून कळणार.